वाचक विचारतात : लहान रिव्हॉल्व्हर निवडताना

प्रश्न : परवाना मिळाला आहे. रोज जवळ बाळगायचं तर सर्वांत हलकं, पण .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस चालणारं रिव्हॉल्व्हर घ्यावं असं ठरवतो आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : बाळगायला उत्तम, चालवायला त्रासदायक. स्मिथ अँड वेसनने १९५० साली 'चीफ्स स्पेशल' आणलं, तेव्हापासून पाच काडतुसांच्या, जेमतेम दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरचा आकार फारसा बदललेला नाही. वजन मात्र घटत गेलं. त्यांचं पोलादी ६४० हे मॉडेल साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं ६४२ सव्वाचारशेच्या आत, आणि स्कँडियम मिसळलेल्या हलक्या मिश्रधातूचं ३४० पीडी साडेतीनशेच्याही खाली. या शेवटच्यातून मॅग्नम झाडलं की तळहात झिणझिणतो, डोळ्यांसमोर आगीचा लोळ येतो आणि दुसरी गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. एवढ्या आखूड नळीत मॅग्नमची बरीच दारू नळीबाहेर जळते. तिचा आवाज आणि उजेड तेवढा तुमच्या वाट्याला येतो.

हलक्या शस्त्राची दुसरी अडचण चापाची. घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) आधी न चढवता ओढायचा डबल अॅक्शन चाप साधारण पाच किलोंचा असतो. शस्त्र चारशे ग्रॅमचं आणि ओढ पाच किलोंची, म्हणजे बोटाच्या जोराने सगळं रिव्हॉल्व्हरच कलतं. नेम चुकतो तो बहुधा इथे. त्यात नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी, त्यामुळे माशी खाचेत किंचित सरकली तरी गोळी बरीच बाजूला जाते.

तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हलक्या शस्त्राचा झटका इतका तीव्र असतो की सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचातून, पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही, आणि ही अडचण जागेवर सुटत नाही. म्हणून जे काडतूस बाळगणार त्याची परीक्षा घ्या : पाच भरा, चार झाडा, पाचवं काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करा. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी बाद. ३४० पीडीच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नये अशी सूचना कोरलेली असते, पण ती सिलिंडरची झीज टाळण्यासाठी.

आमचं मत : .३८ स्पेशल, म्हणजे मॅग्नमपेक्षा सौम्य काडतूस चालणारं, घ्या. कमरेला लावणार असाल तर पोलादी, खिशात ठेवणार असाल तर अॅल्युमिनियमचं. आखूड नळीतून पोकळ टोकाच्या गोळीला फुलण्याइतका वेग मिळेलच असं नाही. त्यामुळे १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॅडकटर अनेक जाणकार पसंत करतात. तिचा झटका सौम्य असतो. मात्र घाईत भरताना तिची सपाट कड सिलिंडरच्या भोकावर अडते. म्हणून वॅडकटर सिलिंडरमध्ये आणि पुन्हा भरण्यासाठी गोल टोकाची, अशी विभागणी सोयीची.

प्रश्न : घोडा बाहेर असलेलं घ्यावं की झाकलेलं?

उत्तर : झाकलेलं. बाहेरचा घोडा खिशाच्या शिवणीत अडकतो, आणि चढवलेल्या घोड्याचा चाप इतका हलका होतो की घाबरलेल्या हातात तो नकोच. घोडा आत असलेल्या शस्त्राची मूठ थोडी वर धरता येते. त्याने झटका सरळ मागे येतो, नळी कमी उसळते. मूठ मात्र दोन बोटांची न घेता करंगळी टेकेल एवढी घ्या. खिशात थोडी जास्त जागा लागेल, लागू द्या.

प्रश्न : मुख्य शस्त्र पिस्तूल आहे. जोडीला दुसरं म्हणून लहान रिव्हॉल्व्हर कसं निवडावं?

उत्तर : आधी ते कुठल्या हाताने काढणार ते ठरवा. उजवा हात जखमी किंवा अडकलेला असेल तेव्हाही दुसरं शस्त्र लागू शकतं, म्हणून ते डाव्या हाताला सापडायला हवं. घोट्याला बांधलेलं रिव्हॉल्व्हर बसल्या जागी सोयीचं, उभ्याने काढायला वेळखाऊ. खिशात असेल तर चाप पूर्ण झाकणारं म्यान हवंच, आणि त्या खिशात किल्ली, नाणी काहीही नको.

सिलिंडर उघडायच्या खिट्टीत फरक असतो, हे दोन कंपन्यांची रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं : स्मिथ अँड वेसनची पुढे ढकलायची, कोल्टची मागे ओढायची, रुगरची आत दाबायची.

प्रश्न : वापरलेलं घेताना काय तपासावं?

उत्तर : सिलिंडर उघडून सगळी भोकं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा. मग मालकाच्या परवानगीने, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सिलिंडरवर अंगठ्याचा हलका दाब देत चाप अगदी सावकाश ओढा. घोडा पडण्याआधी सिलिंडर जागच्या जागी अडकला पाहिजे. प्रत्येक भोकाला हे करून पाहा. एक जरी मागे राहिलं तर गोळी नळीच्या काठाला घासून जाईल आणि शिशाचे कण बाजूला उडतील. चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड नको.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१५ मिमी उत्तम, ०.२५ च्या वर गेली तर सोडून द्या. या फटीतून दर वेळी तप्त वायू बाहेर पडतो, म्हणून चालवताना डावा अंगठा पुढे सरकू देऊ नका. शेवटी सिलिंडर उघडून फिरवा आणि पुंगळ्या ढकलणाऱ्या दांड्याचं टोक बघा. ते गोल गोल डोलत असेल तर दांडा वाकलेला आहे.

प्रश्न : सरावात मध्येच सिलिंडर जड फिरू लागतो. बिघाड आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा कचरा. पुंगळ्या काढताना नळी खाली असली की न जळलेल्या दारूचे कण चांदणीच्या आकाराच्या एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) जाऊन बसतात. सिलिंडर मग पूर्ण बंद होत नाही आणि घासतो. जुन्या टूथब्रशने तिथे झाडलं की काम होतं. यापुढे नळी आकाशाकडे करून दांड्यावर तळहाताने एकच जोराचा फटका द्या. आडवं धरून हळूहळू दाबलं तर पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरखाली घसरते आणि ती नखाने उकरत बसावं लागतं. लहान रिव्हॉल्व्हरचा दांडा आखूड असल्याने हे अधिकच घडतं. साफ करूनही अडत असेल तर दांडा सैल होऊन पुढे आला आहे का बघा. आधुनिक स्मिथ अँड वेसनमध्ये त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवल्यावर तो घट्ट होतो.