‘मेंदू आकसलाय’ असं रिपोर्टमध्ये आलं. आता गोळ्या बंद करू का?

स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा दीर्घ मानसिक आजार) असलेल्या माणसानं साठी ओलांडलेली असते, काही कारणानं एमआरआय होतो आणि रिपोर्टमधली एक ओळ अख्ख्या घराची झोप उडवते. अशीच ओळ घेऊन एक ताई आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचे दादा सदुसष्टचे, तरुणपणापासून औषधांवर. हल्ली विसरायला लागले म्हणून तपासणी केली. ‘मेंदू आकसलेला, आतल्या पोकळ्या मोठ्या.’

“मॅडम, इतकी वर्षं मीच हातानं गोळ्या दिल्या. त्यांनीच मेंदू खाल्ला का हो?”

अशा वेळी नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणणं मला पटत नाही, कारण शंका बिनबुडाची नाही. या आजारात मेंदूतल्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या मोठ्या दिसतात, हे लंडनमध्ये ईव्ह जॉनस्टन यांच्या गटानं १९७६ मध्येच सीटी स्कॅनवर दाखवलं. पण आजार नुकताच सुरू झालेल्या तरुणांमध्येही हा फरक सरासरीनं आढळतो. सगळा दोष गोळ्यांचा नाही. औषधांचा थोडा वाटा असावा, असं अमेरिकेतल्या आयोवाच्या अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आलं. त्याच संशोधकांना पुढे हेही दिसलं की आजार उसळून लांबलेला काळ मेंदूला महागात पडतो. म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, हे मी ताईंना दोनदा सांगितलं. शिवाय वयानुसार मेंदू सगळ्यांचाच थोडा आकसतो, आणि एका माणसाच्या फोटोवरून त्याचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

मग मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दादांचा दिवस कसा जातो ते विचारलं. दूध तेच आणतात, पण सुट्या पैशांचा गोंधळ होतो. तोंड सारखं कोरडं, पोट साफ नाही. फाईलमध्ये हातांच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल होतं, वर्षानुवर्षं चालू. तोंड कोरडं पडणं, पोट साफ न होणं या गोळीनं होऊ शकतं, आणि उतारवयात स्मरणशक्तीही मंदावू शकते. आकसलेल्या मेंदूच्या धास्तीत ती कुणाच्या लक्षातच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गोळी बदलणं माझ्या हातात नाही. मी चिठ्ठी देऊन त्यांना त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. साखर, बी-१२, थायरॉइड आणि कानांची तपासणीही सुचवली.

डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी केली, मूळ औषध तसंच ठेवलं. आता दादांचा दुधाचा हिशेब जुळतो. नावं मात्र अजून निसटतात, म्हणून स्मरणशक्तीची चाचणी पुन्हा करायचं ठरलं आहे.