डॅक बदलण्याआधी जुना ऑप-अँप परत लावून बघा

तुमच्या सीडी प्लेअरमध्ये टीडीए१५४१ए हा डॅक (डिजिटल डेटाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी चिप) आहे, तुम्ही आउटपुटचा एनई५५३२ (एकाच चिपमध्ये दोन ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी सर्किटं) काढून अ‍ॅडॅप्टरवर (दोन चिपा एका जागी बसवणाऱ्या छोट्या बोर्डावर) दोन एकेरी ओपीए६२७ बसवले, आता अर्ध्या तासाने एका चॅनेलमध्ये खरखर येते आणि दुरुस्तीवाला म्हणतो डॅक गेला. थांबा, डॅक काढू नका. अशाच एका सर्व्हिस सेंटरच्या शब्दावर मीही चांगला डॅक उपसला होता. चिप ठीक निघाली, पण २८ पायांखालची पॅड्स उचकटली ती कायमची.

आधी ५५३२ परत लावा. खरखर गेली तर डॅक निर्दोष आहे. नाही गेली तर डॅकचे पुरवठे मोजा: पिन २८ वर +५, २६ वर −५, १५ वर −१५ व्होल्ट. मग पिन ६ आणि २५. हे करंट आउटपुट आहेत, ऑप-अँपने त्यांना जवळजवळ शून्यावर धरून ठेवायचं असतं, डेटाशीटची मर्यादा ±२५ मिलिव्होल्ट. तिथे शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर संशय ऑप-अँपवर घ्या.

माझ्या मते तुमचा ६२७ ऑसिलेट होतोय, म्हणजे स्वतःहूनच उच्च फ्रिक्वेन्सीवर थरथरतोय. नुसता गरम लागतो म्हणून घाबरू नका: ५५३२ साधारण ८ मिलिअँप घेतो, दोन ६२७ मिळून १४. पण दोन्ही चॅनेलच्या चिपांवर बोट ठेवून बघा, एकच चटका देत असेल तर तीच दोषी. स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलची वेव्ह दाखवणारं यंत्र) १०एक्स प्रोब आणि आखूड ग्राउंड वापरा. जुन्या स्कोपवर वेव्ह सुटी दिसणार नाही, रेघ नुसती जाड दिसेल. कारण बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टरच असतो. त्याच्या लांब पायांमुळे ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग (वजा) इनपुटला जास्तीची कपॅसिटन्स चिकटते आणि डीकपलिंग कपॅसिटर (पुरवठा स्थिर ठेवणारा) दूर राहतो. अ‍ॅडॅप्टरच्या पोटाशी पिन ४ आणि ८ मध्ये १०० नॅनोफॅरड थेट लावा. फीडबॅक रेझिस्टरला (आउटपुटपासून इनपुटला जोडलेल्या) समांतर असलेला कपॅसिटर 'आवाज मोकळा होतो' म्हणून काढला असेल, तर तो आधी परत बसवा. डॅकच्या तीव्र पायऱ्या तोच गुळगुळीत करतो. आणि चिपवरचा नंबर नीट वाचा: ओपीए६३७ दिसायला अगदी तसाच, पण ५ पेक्षा कमी गेनवर (सिग्नल किती पट वाढतो ते) स्थिर राहत नाही.

ओघात सांगतो, डॅकभोवतीचे १४ कपॅसिटर (पिन ७ ते १३ आणि १८ ते २४) बदलून मोठे डब्यासारखे फिल्म लावायचा मोह होतो. लांब पायांवर उभे केले तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. १०० नॅनोफॅरडचे छोटे, बोर्डाला टेकलेले पुरेत. आउटपुटचा (डीसी अडवणारा) कपलिंग कपॅसिटरही डीसी मोजल्याशिवाय उडवू नका. या डॅकचा करंट एकाच दिशेने ० ते ४ मिलिअँप वाहतो, शांततेतही २ असतो. बोर्डावर ऑफसेट भरून काढणारा रेझिस्टर नसेल तर १.५ किलोओहमच्या फीडबॅक रेझिस्टरवर ३ व्होल्ट होतात.

तुमचा बोर्ड मी पाहिलेला नाही, त्यामुळे सर्किट डायग्रामशी ताडूनच हात घाला. आणि एवढं करूनही डॅक खरंच मेलेला निघाला, तर अख्खी चिप उपटू नका. पाय बुडाशी कापा, एकेक पाय तापवून चिमट्याने काढा, भोकं साफ करा आणि सॉकेट बसवा. मुकुट छापलेल्या एस१ (निवडक दर्जाच्या) चिपांत नव्याने छापलेल्या बनावट पुष्कळ फिरतात. साधी, जुन्या प्लेअरमधून काढलेली टीडीए१५४१ए मिळाली तर ती घ्या.