भाच्याला गोशे आजार निघालाय. तेल-तूप बंद केलं तर प्लीहेत साठलेलं ग्लायकोलिपिड कमी होईल का? (बडोदा)

नाही, तेल-तूप तोडून ते कमी होत नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर भाच्याच्या वरणभातावरचं तूप राहू द्या, वाढतं वय आहे. मी इथे बडोद्यातच जीवरसायनशास्त्र शिकवते. ग्लायकोलिपिड म्हणजे साखर जोडलेली चरबी, आणि ही चरबी ताटातून येत नाही. जुन्या रक्तपेशी मोडताना त्यांच्या आवरणातून ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचं हे ग्लायकोलिपिड तयार होतं. ते फोडणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असल्याने ते प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींत साचत जातं. खरा उपाय म्हणजे तेच विकर शिरेतून देणं, साधारण दर दोन आठवड्यांनी. अमेरिकेत त्याला १९९१ साली मान्यता मिळाली, आणि प्लीहा त्याने खरोखर लहान होते. मात्र ते विकर मेंदूत पोहोचत नाही आणि आजाराच्या काही प्रकारांत मेंदूवरही परिणाम होतो, म्हणून आजार कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी विचारून घ्या.