सोलापूरच्या पूर्व भागात घर घ्यावं का? तिथली पोरं गुन्हेगारीकडे वळतात असं ऐकलंय, खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की घर बजेटमध्ये बसतंय पण ऑफिसातले सगळे नको म्हणतात, तिथं कोयते निघतात म्हणे. नको म्हणणाऱ्यांपैकी किती जण अशोक चौकाच्या पुढं, म्हणजे पूर्व भागात, कधी आलेत ते आधी विचारा. माझं माहेर तिथलं आहे, आई विड्या वळते, वडील पॉवरलूमवर होते, म्हणून लिहायला बसले.

दोन-तीन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघाला होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत, सकाळी कॉलेज, संध्याकाळी एका कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे लूमसाठी सूत गुंडाळायला जायचा. गर्दीत गाडीचा धक्का लागला, "काय बघालास बे" झालं, आणि ह्याने कमरेचा पट्टा काढून समोरच्या पोराला बक्कल मारलं. त्या पोराच्या भुवईवर टाके पडले. मारलं ते मारलंच, मी त्याची बाजू घेत नाही आणि आईने पण घेतली नाही, तिनंच त्याला हाताला धरून चौकीत नेलं. पण रात्रीपर्यंत क्लिप फिरायला लागली, भावाच्या तोंडाभोवती लाल गोल, वर लिहिलेलं "पूर्व भागात टोळीयुद्ध, कोयता गँगचा धुमाकूळ". कोयता तिथं नव्हताच. तो पुण्याच्या बातम्यांतून आला, आता कुठंही दोन पोरं भांडली की तेच लावतात.

ती क्लिप आमच्या सासरच्या ग्रुपवर टाकली माझ्या मोठ्या दिरांनी. खाली लिहिलं, "हा आपल्या सूनबाईंचा भाऊ ना? त्या भागातली पोरं तसलीच."

अठराच्या आतल्या पोराचं नाव, फोटो, पत्ता, शाळा काहीही असं पसरवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७४ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शिकलेल्या माणसांना सांगावं लागतं. बाल न्याय मंडळात केस चालली, प्रत्येक तारखेला आईची त्या दिवसाची मजुरी बुडायची, परिवीक्षा अधिकारी, म्हणजे मंडळासाठी पोराच्या घरची चौकशी करणारे, घरी येऊन गेले तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन विड्यांची पानं कातरत होती आणि त्यांच्याशी बोलताना पण हात थांबले नव्हते. मंडळाने समज दिली, समुपदेशन लावलं, केस संपली. पुढं नोकरीत वगैरे हे आडवं येऊ नये असंच कायदा म्हणतो. लोक मात्र अजून विचारतात, तोच का तो.

त्याच वर्षी विजापूर रोडकडं एका क्लासच्या बाहेर चांगल्या घरातल्या मुलांत भांडण झालं, एकाने दुसऱ्याच्या मांडीत चाकू घातला. वडील आमच्या दिरांच्या ओळखीचे. तेव्हा भाऊजी म्हणाले, वयच तसलं असतं, मोबाईलमुळं होतं, चांगला काउन्सेलर बघा. तो भागच तसला असं कुणी म्हणालं नाही. मी जेवताना विचारलं की फरक काय, तर म्हणाले, ते वेगळं. कसं वेगळं ते आजपर्यंत सांगितलेलं नाही.

सोलापूरच्या माणसाला तरी हे कळायला पाहिजे ओ. आपल्याकडे सेटलमेंट फ्री कॉलनी आहे, इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची वस्ती. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात ठेवून हजेऱ्या घेतल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण अजून तिथल्या पोराने पत्ता सांगितला की समोरचा आधी पाकीट चाचपतो.

आता तुमचं. त्रास अजिबात नाही असं मी म्हणत नाही. नशेच्या गोळ्या आल्यात, रस्त्यात तलवारीने केक कापून रील टाकणारी पोरं आहेत, आणि त्यांच्या मागं फ्लेक्सवर फोटो असणारे मोठे लोक आहेत, जे "तुझं वय कमी, तू लवकर सुटतोस" म्हणून पोरांना पुढं करतात. अशा मोठ्यांना ह्याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण तेवढ्यापर्यंत जातंय कोण, क्लिपमध्ये पोराचंच तोंड दिसतं. काही गल्ल्या मला पण रात्री नको वाटतात, अशा गल्ल्या चांगल्या समजल्या जाणाऱ्या जुळे सोलापुरात पण आहेत. म्हणून भाग बघून ठरवू नका, गल्ली बघा. रात्री साडेदहाला एकदा जाऊन या, शेजारच्या बायकांशी बोला, पाणी किती दिवसाआड येतं ते विचारा, रोजचा त्रास त्याचाच जास्त होईल. मुलं मोठी असतील तर ती संध्याकाळी कुणाच्या गाडीवर बसतात ते बघत जा, ते कुठंही राहिलात तरी बघावंच लागतं.

आणि भाऊजी, तुम्ही इथं वाचता मला माहिती आहे. केस संपली, पोरगं आता आयटीआयला जातंय, ग्रुपवरची क्लिप मात्र अजून तशीच आहे. ती काढा आणि एकदा आईकडे जाऊन तिची माफी मागा.