विचारा बिनधास्त : स्कॉटिश एल गोड लागते, बिघडलीये का?

प्रश्न : आम्ही नाशिककर, सुला वायनरीला जाऊन ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा हे सगळं जमतं. आता दिरांनी स्कॉटलंडहून स्कॉटिश एलच्या, म्हणजे तिथल्या एका प्रकारच्या बिअरच्या, दोन बाटल्या आणल्यात, एकीवर ८० शिलिंग लिहिलंय, दुसरीवर वी हेवी. पहिली फ्रीजमधून काढून लगेच प्यायलो तर पाणचट, आणि गप्पांच्या नादात ग्लासात राहिलेली नंतर प्यायली तर गोडसर, कडूपणा जवळजवळ नाहीच. बिघडली असेल का? दुसरी उघडू की नको?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : उघडा हो, बिनधास्त! ती नंतर प्यायलेलीच खरी एल होती, आधीची नुसती थंडगार होती. आपल्याकडे बिअर म्हणजे लागर, ती नेहमीची फिकी पिवळी, आणि लागर म्हणजे दात शिवशिवले पाहिजेत, पण एवढ्या गारव्यात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) वासच वर येत नाही. स्कॉटिश एलचा सगळा खेळ माल्टचा, हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, मागच्या बाकावर, म्हणून कडू कमी आणि कॅरॅमल, बिस्किट, शेवटाला किंचित भाजल्यासारखी कोरडी चव. काही ब्रुअर (बिअर बनवणारे) माल्टचा काढा जास्त वेळ उकळतात, रस आटवून काकवी करतात ना तसं, त्याने तो खमंगपणा अजून वाढतो.

बिघडलेली ओळखायची तर ओल्या पुठ्ठ्याचा वास शोधा, बाटली उन्हातान्हात फिरली की तो येतो. गोडीला घाबरू नका.

८० शिलिंग ही तुमच्या बाटलीची किंमत नव्हे बरं का! १९व्या शतकात बिअरच्या पिंपाचा भाव शिलिंगात सांगायचे, महाग पिंप म्हणजे सहसा जास्त कडक माल, तेच आकडे पुढे नावाला चिकटले. ६० हलकी, ७० मधली, ८० त्याहून जोरदार, तरी अल्कोहोल साधारण ४ ते ५ टक्केच. वी हेवी मात्र साडेसहाच्या पुढे, थेट १० पर्यंत जाते. ट्रॅक्वेअर हाऊस नावाच्या जुन्या वाड्यातली ब्रुअरी १९६५ साली पुन्हा सुरू झाली, तिथली एल ७.२ टक्के आहे. म्हणून एक बाटली दोघात, आणि गाडी घरीच.

फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा (एप्रिल-मे असेल तर दहाच पुरेत, नाशिक आता पूर्वीचं थंड राहिलंय कुठे), १०-१२ डिग्रीला आली की तुमचा वाईनचाच ग्लास घ्या, अर्धाच भरा, फिरवा, आधी नाक मग घोट. घोट तोंडात जरा फिरू द्या, गिळल्यावर काय उरतं ते बघा, आणि मग ग्लास तसाच ठेवून थोड्या वेळाने परत घ्या, चव बदललेली असते, मला तरी मजा त्यातच वाटते.

प्रश्न : ब्रूपबमध्ये (स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये) प्यायलेल्या स्कॉटिश एलला धुराचा वास होता, व्हिस्कीसारखा. असाच असतो का? आणि चखणा काय घ्यावा?
– इंदिरानगर

उत्तर : नाही, तो त्या ब्रुअरचा हौशी कारभार. पीटचा (दलदलीतल्या, जळणाला वापरतात त्या मातीचा) धूर व्हिस्कीच्या माल्टचा, एलला तो लागतोच असं नाही, आणि जास्त झाला तर दुसरं काही कळतच नाही. चखण्याला तिखट चिवडा आणि मसाला शेंगदाणे नको, जीभ भाजली की माल्ट गेलाच. साधे भाजलेले शेंगदाणे, चीज, नाहीतर कमी तिखटाचं सुकं मटण, वी हेवीबरोबर तर मटणच.