कोरडवाहू भागात मटणासाठी मेंढ्या पाळायच्यात, माडग्याळ घेऊ की दख्खनी?

दादा, तुम्ही लिहिलंय ४ एकर कोरडवाहू आहे, शेजारी गायरान आहे आणि व्हिडिओ बघून माडग्याळच घ्यायची असं मनात बसलंय. आमच्याही बसलं होतं. माडग्याळ मेंढी मूळची सांगलीच्या जत तालुक्यातली नि मीही तिथलाच, त्यामुळं ती पोपटाच्या चोचीसारखी नाकं आणि लोंबते कान लहानपणापासून बघतोय. जनावर देखणं, उंच, कोकरू भरभर वाढतं, यात वाद नाही. पण नाकाचे पैसे हौशी माणूस मोजतो. खाटीक नाक बघत नाही, तो कमरेच्या मणक्यावर बोटं दाबून मांस किती भरलंय ते बघतो.

म्हणून मी म्हणेन माद्या दख्खनी घ्या, २०-२५ बास, आणि नर एकच पण चांगला माडग्याळ. काळी दख्खनी अंगानं बारीक, पण दिवसभर चालते, उन्हाळ्यात वाळल्या काडीवर नि बाभळीच्या शेंगांवर तग धरते, धनगरांच्या फिरत्या वाड्यामागं पिढ्यान्‌पिढ्या चालूनच ती अशी काटक झालीय. नर दोन वर्षांनी बदला, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जातो. जुळ्यांसाठी नारी सुवर्णा पण आहे, फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून तयार केलेली, पण जुळी म्हणजे आईला दूध पाहिजे, म्हणजे खुराक आला, पहिल्या वर्षी त्या नादाला लागू नका.

आता खरी गोष्ट. आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष तयार होऊन जनावर झटक्यात मरतं तो रोग, त्याची लस पावसाळ्याआधी द्यायची, मी "पाऊस पडूदे, मग बघू" म्हणत ढकलली. पहिल्या पावसाचं कोवळं गवत उगवलं, कोकरं संध्याकाळी पोट टम्म करून आली आणि सकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ७ कोकरं पाय ताणून मरून पडलेली, त्यातही सगळ्यात गुबगुबीत होती तीच. बायको दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, त्याची लस पण चुकवू नका, ती एकदा दिली की ३ वर्षं बघायला नको. आणि पंधरा दिवसांतून एकदा खालची पापणी उलटून बघत जा, आतून लाल पाहिजे, पांढरट दिसली की समजा जंत रक्त पितायत, डॉक्टरला विचारून औषध पाजा.

बकरी ईदसाठी २-४ नर राखणार असाल तर ओळखीसाठी त्यांचे कान कापू नका हं, फाटका कान, लंगडा पाय दिसला की गिऱ्हाईक पुढं जातं. आणि विकताना काटा आपला ठेवा, व्यापारी उचलून अंदाज सांगतो तो नेहमी २-३ किलो कमीच असतो.