'कॉफिन शिप'ला 'शवपेटी जहाज' चालेल का?

प्रश्न असा आलाय की आयर्लंडमधल्या दुष्काळ-स्मारकाच्या फोटोखाली दोन ओळी मराठीत लिहायच्यात, त्यात 'कॉफिन शिप'साठी, म्हणजे दुष्काळात देश सोडणारी माणसं ज्यांच्यावर वाटेतच मरायची त्या जहाजांसाठी, 'शवपेटी जहाज' लिहू का.

माझं मत, नको. मालगाडी म्हणजे माल नेणारी गाडी, त्याच चालीवर हा शब्द वाचला की शवपेट्या वाहून नेणारं जहाज वाटतं, आणि इथे तर मेलेल्याला पेटी कुठली मिळायला, कापडात नाहीतर गोणपाटात गुंडाळायचं आणि समुद्रात सोडायचं.

मुळात 'कॉफिन शिप' हे लोकांनी ठेवलेलं कडवट नाव. 1845 मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत दहाएक लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी गेली, तितकीच किंवा थोडी जास्तच देश सोडून निघाली. कॅनडातून लाकूड आणणारी जहाजं परतताना रिकामी जायची, मग त्यांच्या तळात माणसं कोंबली, की टायफस हा साथीचा ताप आलाच. 1847 मध्ये क्यूबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर 5,000 हून जास्त लोक पुरले गेले. पण सगळीच जहाजं तसली नव्हती हां! 'जीनी जॉन्स्टन'नं 1848 ते 1855 मध्ये 16 फेऱ्या केल्या आणि एकही प्रवासी दगावला नाही, तेव्हा सरसकट प्रत्येक स्थलांतरितांच्या जहाजाला हा शब्द लावू नका.

आता तुमचा फोटो. मेयो परगण्यात मरिस्कला, क्रो पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी जॉन बीहन यांचं हे ब्राँझचं जहाज, 1997 चं. डोलकाठ्यांभोवती दोरखंडांच्या जागी माणसांचे सापळे तरंगताना दिसतात. म्हणजे प्रवासी वेगळे आणि जहाज वेगळं असं शिल्पकारानं ठेवलेलंच नाही, मेलेल्यांचंच जहाज झालंय. म्हणून मी लिहीन 'शवपेटी झालेलं जहाज', एक शब्द वाढतो, वाढू दे. 'मृत्युनौका' पण सुचवलंय कुणीतरी, पण नौका म्हटलं की मला कोजागिरीचा नौकाविहारच आठवतो, काय करणार.

आणि एक, हाच शब्द 1870 च्या दशकातल्या ब्रिटनबद्दल वाचलात तर संदर्भ वेगळा असतो, तिथे जास्तीचा विमा उतरवून, माल ठासून समुद्रात पाठवलेली मोडकी जहाजं, ज्यांच्याविरुद्ध सॅम्युएल प्लिम्सॉल हा ब्रिटिश खासदार भांडला आणि जहाजाच्या अंगावर भाराची रेघ आली, म्हणजे जहाज त्या रेघेच्या वर बुडेल इतका माल भरायचा नाही. तिथे मात्र सरळ 'मरणाचा सापळा' लिहा.